पाटावरचं पिस्तूल

साळवे हवालदारांशी बोलायचं म्हणजे मान वळवून बोलावं लागे. ते कुणाच्या समोर कधी उभे राहत नसत. अर्धं पाऊल बाजूला, खांद्याला खांदा येईल असे. दारात कुणी उभं असलं तर "जरा कडंला व्हा" म्हणून आधी त्याला बाजूला करत आणि मगच तोंड उघडत. छत्री असो, काठी असो, पेन्सिल असो, तिचं टोक जमिनीकडे. माणूस दाखवायचा तर बोट न करता अख्खा पंजा पालथा धरून दाखवत, आणि तो पंजा डावा असला तर त्याला तीनच बोटं. वसाहतीतल्या बायका म्हणत, हवालदारावर कुणीतरी करणी केलीय. मला वाटे, माणूस तऱ्हेवाईक आहे. त्या वसाहतीत शहाणा तेवढा तोच होता, हे कळायला मला फार उशीर लागला.

वसाहत बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याची. कारखान्याचं नाव सांगत नाही. ज्यांच्याविषयी लिहायचं आहे त्यांचे नातेवाईक अजून तिकडे आहेत आणि मी अजूनही भित्रीच आहे. आमचे हे कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते, मी वसाहतीच्या शाळेत शिकवत असे. साळवे आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये. मूळचे पालीचे, बिंदुसरा धरणाजवळचे. वडिलांच्या हयातीतच घर बौद्ध झालेलं. सैन्यात त्यांचं काम बंदुका दुरुस्त करण्याचं. निवृत्त झाल्यावर कारखान्याच्या पहारेकऱ्यांच्या बंदुका सांभाळायला आले. बायको वारलेली, मुलगी परळीला दिलेली. पौर्णिमेला पांढराशुभ्र सदरा घालत आणि संध्याकाळी शेजारपाजारच्या लेकरांना खीर वाटत.

एका रविवारी ते जाडजूड वही घेऊन आमच्या दाराच्या कडेला उभे राहिले.

"बाई, तुमचं अक्षर लई चांगलं हाय. माझं मलाच लागंना. एवढं उतरवून द्या."

वही म्हणजे आसपासच्या सगळ्या परवान्याच्या हत्यारांची जन्मपत्रिका होती. आमच्याकडे त्या काळी ज्याच्या जीपला दिवे जास्त त्याच्या कमरेला पिस्तूल. संचालक, ठेकेदार, परळीच्या वीजकेंद्राच्या राखेचे व्यापारी, सगळ्यांकडे. निवडणूक लागली की ही सगळी हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागत, निवडणूक उरकली की परत मिळत. तोवर ती तिथे पोत्यात गंजून जात आणि मालक ती घेऊन साळव्यांकडे येत. प्रत्येक हत्याराची साळवे नोंद ठेवत. कुठल्या देशाचं, कसं आलं, आधी कुणाचं होतं, खोड काय. माणसांपेक्षा त्यांना हत्यारांचीच वंशावळ पाठ होती.

त्यांचा खरा हंगाम मात्र दसऱ्यानंतरचा. खंडेनवमीला घरोघर हत्यारं पाटावर मांडतात. हळदकुंकू, अक्षता, झेंडू, वरून नारळाचं पाणी. हे सगळं नळीत उतरतं. साळवे मग पंधरा दिवस खाली मान घालून कुंकू काढत बसत. "बंदूक बारुदीनं मरत न्हाई बाई," म्हणत, "नारळाच्या पान्यानं मरती." माझ्या पुढ्यात बसून एका दुनळीतून त्यांनी एकदा अख्खी झेंडूची पाकळी काढली आणि माझ्या सुमीला दिली. सुमी तेव्हा सहा वर्षांची. तिनं ती पाटीच्या चौकटीत खोचून ठेवली होती.

वही उतरवता उतरवता मलाही पुष्कळ ज्ञान झालं, ज्याचा मास्तरणीला काडीचा उपयोग नाही. एका पानावर मोठ्या अक्षरात 'मॅग्नम' लिहिलेलं होतं आणि खाली दोन रेघा. हे काय, म्हणून विचारलं.

"मॅग्नम म्हंजे मोठं," साळवे म्हणाले. "विलायतेत दारूच्या मोठ्या बाटलीला म्हणत्यात. तेच नाव मोठ्या काडतुसाला लावलं. काडतूस लांब, बारूद जास्त. आधी ते रिव्हॉल्वरमधीच चालायचं. काहून, तर त्याच्या बुडाला कडा असती. पिस्तुलात काडतुसं एकावर एक बसत्यात, मग कडंत कडा अडकती. कैक कारागिरांनी डोकं फोडून घेतलं. कुणी रायफलीसारखा बारुदीचा वायूच मागं वळवला. कुणी काडतुसं तिरकी बसवली. पहिल्यांदा ज्यांनी करायला घेतलं त्यांचं पोलाद पोलादाला घासून बसायचं, धंदा बुडाला, कारखाना बंद. म्हणून तर ती पिस्तुलं थोडी, आन् म्हणून शौकीन लोक त्यांच्यासाठी जीव टाकत्यात. जे नीट चाललं न्हाई तेच दुर्मिळ झालं."

असलं एक पिस्तूल आमच्या चेअरमनसाहेबांकडे होतं. अमेरिकेतल्या कुठल्याशा छोट्या कारखान्याचं, पांढऱ्या पोलादाचं, आपल्या परवान्यात बसणाऱ्या मापाचं. परदेशातून परतणाऱ्याला पूर्वी स्वतःचं हत्यार सोबत आणता येई. तसं ते हैदराबादच्या एका डॉक्टरांनी आणलेलं आणि साहेबांनी त्यांच्याकडून घेतलेलं. पुढे बाहेरून आणणं बंद झालं आणि साहेबांच्या पिस्तुलाचा भाव आणि साहेबांची मान, दोन्ही चढत गेली. साळवे त्याच्याविषयी बोलताना आवाज उतरवत. घरातल्या जाणत्या पण तापट माणसाविषयी बोलतात तसं.

"रिव्हॉल्वर भोळं असतं बाई. उघडलं की सगळं दिसतं, किती हायत, किती न्हाईत. पिस्तूल मनातलं सांगत न्हाई. खालचं म्यागझीन काढलं की मानूस म्हणतो झालं रिकामं. पन एक वर नळीच्या बुडात बसलेला असतो. त्यो एक."

आणि डावा पंजा त्यांनी टेबलावर पालथा ठेवला.

बोटं लढाईत गेली असं सगळी वसाहत समजत होती. शाळेत पंधरा ऑगस्टला तसं भाषणही झालेलं, हवालदारांना हार घातलेला. हार गळ्यात ठेवून ते माझ्याजवळ येऊन म्हणाले होते, "बाई, पोरांना खरं सांगा. लढाईत न्हाई गेली. टेबलावर गेली. तीन वरसं मी जवानांना शिकवत होतो, आदी आत बघा. त्या दिवशी च्या पिऊन आलतो, कुनीतरी हसवलं, आन् मी बघितलं न्हाई." मी मुलांना खरं सांगितलं नाही. लढाईच बरी वाटते.

चेअरमनसाहेबांचा पुतण्या होता, त्याला सगळे बाळराजे म्हणत. या बाळराजांनी काकांना खूश करायचं म्हणून ते पिस्तूल परस्पर परळीला नेलं आणि एका सोनाराकडून त्यावर सोन्याचा मुलामा चढवून आणला. मुठीच्या वर साहेबांची आद्याक्षरं कोरली, भोवती वेलबुट्टी. जणू पुरणपोळीच्या ताटाखालचा चौरंग. काका खूश झाले. साळव्यांनी पाहिलं तेव्हा नुसतं वरचं सरकतं पोलाद मागे ओढून बघितलं. ते अडकत अडकत आलं. "आंग घट्ट झालं हाय," एवढंच म्हणाले. घरी येऊन मात्र त्यांनी जेवण केलं नाही. मला वहीत ओळ घालायला सांगितली: मुलामा चढवल्याने सरकायला जड, जपून वापरावे.

पुढच्या महिन्यात पुण्याहून एक संग्राहक आले. जुनी पिस्तुलं जमवणारे, परवानेवाले, सभ्य गृहस्थ. साहेबांनी चार संचालक मुद्दाम बोलावले होते. पाहुण्यांनी आधी विचारलं, मूळची पेटी आहे का. नव्हती. सोबतची पुस्तिका? नव्हती. मग नळीवरचा आणि सांगाड्यावरचा आकडा एकच आहे का ते भिंगातून बघायला लागले. आकडा वेलबुट्टीखाली गेलेला. गृहस्थांनी भिंग पुसून खिशात ठेवलं. जुनं हत्यार जसं कारखान्यातून निघालं तसंच राहिलं तर मोल, म्हणाले, ओरखडा चालतो, दागिना चालत नाही. चहा घेतला आणि गेले. चहा पिताना ते साळव्यांकडे बघत होते आणि साळवे जमिनीकडे. हे सगळं चार संचालकांसमोर झालं होतं. साहेबांच्या कपाळावरची शीर मी तेव्हा पाहिली. चहाचे कप आत नेताना साहेबांच्या पत्नीला, वहिनीसाहेबांना, मदत करायला मीही तिथे होते.

त्या दिवसापासून साहेब म्हणायला लागले, संग्रहात ठेवायला नाहीच हे, हे चालवायला आहे.

आणि नेमकं ते वर्ष दुष्काळाचं. सलग दुसरं. उसाच्या जागी नुसती वाळलेली पाचट. बॉयलर पेटणार नाही हे दिसत होतं. वसाहतीच्या नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येई आणि बाहेरच्या गावांना तेवढंही नव्हतं, त्यामुळे आमच्या फाटकापाशी रोज माणसं घागरी घेऊन बसत. आधी बोलत असत. मग नुसती बसायला लागली, त्याची मला जास्त भीती वाटे. कारखान्याचा टँकर साहेबांच्या बागेत जातो असा बोभाटा झाला. एका दुपारी बंगल्याच्या काचेवर धोंडा आला. त्याला गुंडाळलेल्या कागदावर एकच ओळ होती, ती मला कुणी वाचू दिली नाही. तेव्हापासून साहेब पिस्तूल भरून उशाशी ठेवायला लागले. साळव्यांकडे ते तेलपाण्यालाही येईना.

साळवे तेव्हापासून नीट झोपत नसावेत. दिवसा भेटले की विचारायचे, "बाई, बंगल्यावर जाता का? कुठं ठेवलंय, दिसलं का?" मी म्हणायची, मला काय कळतंय त्यातलं. खरं म्हणजे एकदा दिसलं होतं, वहिनीसाहेबांच्या पानाच्या डब्याशेजारी. मी सांगितलं नाही. बंगल्यातली गोष्ट बाहेर नेणारी म्हणून नाव व्हायला नको होतं.

खंडेनवमीला बंगल्यावर दरवर्षी हत्यारांची पूजा होई. त्या घराची एक रीत होती. आरती झाली की साहेब एकेक हत्यार उचलत, पूर्वेकडे धरत आणि बंदूक असली तर रिकामाच चाप एकदा ओढत. याला ते 'शस्त्र जागं करणं' म्हणत. साळवे आदल्या दिवशी सगळी हत्यारं नेऊन, उघडून, बघून देत आणि पूजेच्या दिवशी पायरीखाली उभे राहत. त्या वर्षी बाकीची मिळाली, पिस्तूल तेवढं साहेबांच्या उशाशीच राहिलं. पूजा उठेपर्यंत हवालदारांनी पायरी चढायची नाही. हे कुणी बोलून दाखवलेलं नव्हतं. बोलायची गरज नव्हती. वर्षभर हत्यारांच्या पोटात हात घालणारा माणूस त्या एका दिवशी त्यांना शिवला तर चालत नसे. मलाही त्यात तेव्हा काही खटकत नसे, हेही लिहून टाकते.

नवमीला कुमारिका जेवू घालतात. एरवी त्या आत स्वयंपाकघरात बसत. त्या वर्षी साहेबांना वाटलं, दुष्काळ आहे, देवीला साकडं घालायचं तर सभासदांना दिसेल असं घालावं. म्हणून नऊ मुली बाहेर व्हरांड्यातच बसवायच्या ठरल्या. मुली मी निवडल्या. पूर्वेच्या भिंतीशी नऊ पाट मांडले. सुमी डावीकडून तिसरी, हिरव्या परकरात.

अंगणात शेदोनशे माणसं होती. व्हरांड्यात मध्ये मोठा पाट, त्यावर लाल कापड, तलवार, दोन दुनळ्या आणि मधोमध ते सोनेरी पिस्तूल. वहिनीसाहेबांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, पाणी सगळ्या हत्यारांवर शिंपडलं. पिस्तुलाच्या वेलबुट्टीत कुंकू बसलं. साळवे पायरीखाली, माझ्यापासून दोन हातांवर, अर्थातच बाजूला.

"साहेब," ते खालून म्हणाले, "आत बघितलं का?"

साहेबांनी ऐकलं नाही. बाळराजांनी ऐकलं. त्यांनी पिस्तूल उचललं, खालचं म्यागझीन काढलं, अंगणाला दाखवलं. "रिकामं हाय, हवालदार. भ्यालाव का काय?"

लोक हसले. "म्यागझीन न्हाई म्हनत मी," साळवे म्हणाले. "आत."

बाळराजांनी वरचं पोलाद ओढायचा प्रयत्न केला. मुलाम्यानं घट्ट, त्यात नारळाचं पाणी. ते हललं नाही. त्यांनी ते तसंच पाटावर परत ठेवलं. आरती सुरू झाली.

आरतीभर मी साळव्यांकडे बघत होते. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. लढाईवरचा माणूस म्हणून हार घातलेला हा माणूस आरतीच्या टाळ्यांच्या गजरात उभा राहून कापत होता. मला त्यांची लाज वाटली. शेजारच्या बायका बघतायत, असं वाटलं.

कापूर फिरला. साहेबांनी तलवार जागी केली. एक दुनळी, दुसरी दुनळी. चाप खटखट वाजले. मग त्यांचा हात मधे गेला.

साळवे पायरी चढले.

धावले नाहीत. चार पायऱ्या, रांगोळीवरून, वहाणा पायात तशाच. रांगोळीवर वहाणा बघून साहेबांचा हात वरच थबकला; साळव्यांनी बाजूला जाऊन पाटावरून पिस्तूल उचललं, तोंड जमिनीकडे केलं, भिंतीपासून वळले आणि ओढायला लागले. येईना. तीन बोटांच्या हाताला पकड मिळेना. मग त्यांनी ते पोटाशी धरलं, सगळा जीव लावून ओढलं आणि ते पोलाद करकरत मागे आलं.

काडतूस उडून आरतीच्या ताटात पडलं. विझलेल्या निरांजनाशेजारी, कुंकवात, जाड, लांब, पिवळंधमक. सकाळी उशाखालून पिस्तूल उचलताना साहेबांनी म्यागझीन रिकामं केलं होतं. तो एक आत होता.

मला वाटलं आता साहेब त्यांचे हात धरतील. पहिला आवाज आला तो साहेबांच्या थोरल्या बहिणीचा: "पूजा बाटली." मग बाळराजांचा: "ह्यानंच टाकलं असंल, हात बघा कसा चलाख हाय." साहेबांचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण माणसं बघत होती, आणि माणसांसमोर त्यांची एकदा मान खाली गेली होती. ते आत निघून गेले. नऊही मुली घाबरून रडायला लागल्या होत्या. मी त्यांना शिरा भरवायला बसले. त्या दिवशी कुणी मेलं नाही. त्यामुळे काही झालं असं कुणाला वाटलंच नाही, पायरी ओलांडली गेली एवढं सोडून.

चौकशी बसली. मलाही ऑफिसात बोलावलं. टेबलापलीकडे बाळराजे आणि दोन संचालक. हवालदाराच्या हातात आधीपासून काडतूस होतं का, बाई? आमचे हे सकाळीच म्हणाले होते, आपल्याला इथेच राहायचंय, तिसऱ्या दिवशी का होईना नळाला पाणी येतं. मी म्हणाले, "मी मुलींकडे बघत होते. मला काही दिसलं नाही."

मी बघत होते फक्त साळव्यांकडे. आरतीभर.

त्यांना आठ दिवसांत क्वार्टर सोडायला लावलं. ट्रंक जीपमध्ये चढवून ते आमच्या दाराच्या कडेला आले. वही माझ्या हातात दिली. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "तुमी बरुबर केलं बाई. लेकरं हायत." याहून त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुखानं झोपले असते. वहीत शेवटची नोंद त्यांनी स्वतःच्या कुत्र्यामांजरांच्या पायांसारख्या अक्षरात केली होती. पिस्तुलाचं नाव, मुलाम्याची खोड, आणि खाली: 'आत बघून ठेवले.'

पुढे आम्हीही ती वसाहत सोडली. सुमी शिकली, नोकरीला लागली. एकदा बीडला लग्नाला आलो असता मी तिला म्हटलं, चल, पालीला जाऊन येऊ. वही परत द्यायची आहे. वहीचं निमित्त होतं. एवढी वर्षं मला एक वाक्य बोलायचं होतं आणि त्याची भीती काही केल्या जात नव्हती.

साळवे घराबाहेर लिंबाखाली बाजेवर बसले होते. दात गेलेले, ऐकू कमी. आम्हाला बघून आधी म्हणाले, "कडंला व्हा, ऊन लागंल." मी वही दिली. वाक्य बोलले. त्या दिवशी मला सगळं दिसत होतं, मी खोटं बोलले. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते सुमीकडे बघत होते.

"ही डावीकडून तिसरी," ते म्हणाले. "हिरवा परकर."

मी म्हटलं, तुम्हाला अजून आठवतं?

"आठवायचं कशाला? साहेब पूर्वेला तोंड करायचे ना, ते दरसाल एकाच जागी. मी खालून रेघ धरून बघितलतं." त्यांनी डावा पंजा पालथा केला, तीन बोटं सरळ समोर धरली. मग ती रेघ सुमीवर जातेय हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी हात चटकन जमिनीकडे वळवला.

सुमीला मी त्या दिवसाविषयी कधी काही सांगितलं नव्हतं. ती त्यांच्या पायाशी बसली. "मामा," ती म्हणाली, "तुम्हाला भीती नाही वाटली?"

"लई वाटली," साळवे म्हणाले. "आत काय हाय ते मला कुठं ठावं होतं? निस्ती भीती होती. ती होती म्हनून पाय उचलला."

आम्ही निघालो. सडकेवर येऊन मी मागे वळून पाहिलं. साळवे उठून उभे राहिले होते. घराच्या दारात नव्हे. दाराच्या कडेला, भिंतीशी, आमच्या वाटेतून अर्धं पाऊल बाजूला.